ग्रंथी बोलतेय

१४ मार्च

ती. दादास साष्टांग नमस्कार.

आम्ही इथे खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी आणि बाबांचं शिलाईमशीन. वहिनीचा खोकला कसा आहे? तिचा कोट शिवून तयार आहे. मागच्या कोटासारखी कॉलर वाकडी नाही, कारण माझे हात आता थरथरत नाहीत.

हो, रिपोर्ट आला. थायरॉईड अगदी मापात. छातीतली धडधड गेली, अंगावर जरा मांस चढलं, सुई पहिल्या खेपेत ओवते.

बाबांचं दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने देऊन मी तुमच्याकडे राहायला यावं, असं तू म्हणालास, तेव्हा मी सगळ्यांसमोर केवढ्याने ओरडले होते! घरात जन्मभर ‘मुकी’ म्हणवून घेतलेली मी! आठवड्याभरात डॉक्टरांनी गळ्यातली ग्रंथी बेफाम झाल्याचं सांगितलं आणि तुझा जीव भांड्यात पडला. “म्हणजे ती तू नव्हतीस गं, ग्रंथी बोलत होती. बरी हो, मग भाडेकरारावर सही करशीलच.” तेव्हापासून मी चहात साखर जास्त मागितली तरी वहिनी म्हणते, “ग्रंथी बोलतेय!” मीही हसायचे.

खरं सांगू? मलाही ते पटलं होतं, म्हणूनच भीती वाटायची. बरी झाले की पुन्हा मान डोलावणारी मुकी होईन आणि दुकान हातचं जाईल. त्या भीतीने मधे मी गोळ्याच बंद केल्या. ओरडू नकोस. कात्री हातातून निसटून पायावर पडली, तेव्हा डॉक्टरांपुढे सगळं ओकले. ते हसले नाहीत. म्हणाले, “अहो, ग्रंथीने आवाज चढला असेल. वाक्यं तुमचीच होती.”

गोळ्या पुन्हा नेमाने घेतल्या. रोज दुकानाचं शटर वर करताना स्वतःला विचारायचे, अजूनही नाहीच म्हणतेस का?

तू माझ्या काळजीपोटी म्हणतोस, हे ठाऊक आहे मला. पण दादा, आज नाडी शांत आहे, अंगाला घाम नाही, आवाज तर मुळीच चढलेला नाही. मी सही करणार नाही. मोबाइलवाल्याला कालच तसं सांगून आले.

वहिनीचा कोट न्यायला तूच ये. चहा दुकानातच पिऊ.

तुझी, ठणठणीत बरी झालेली,
मुकी