काशम्माचं थोराड घर

मुक्काम सोलापूर, शनवार

करकंबचे माझे धाकटे बंधू कुंडलिक यांस थोरल्या बहिणीचा, म्हणजे बजाबाईचा, आशीर्वाद. हितं समदी जित्ती हाईत. तुझा दमा बसला का? बसला नसंल तर अडुळसा घे, वैदाच्या नादी लागू नगंस. भावजयीला इचारलंय म्हणून सांग. (तिनं धाडलेली चटणी खवट निघाली, ते सांगू नगंस.)

पत्रास कारण की माझा सत्यानाश झाला हाय, आणि तो मी माझ्याच दातांनी केला. (दात चारच उरलेत, पण तेवढे पुरले.)

आमचा रावजी गिरणीत जॉबर, म्हंजे मुकादम, झाल्यापासून त्याला आमच्या दोन खोल्या टोचायला लागल्या. बोळाच्या टोकाचं शिवपुत्राचं घर विकायला निघालंय, ते घ्यायचं म्हणतो. आमच्या बोळात समदी बुटकी धाब्याची घरं, त्यात हे म्हंजे शेळ्यांच्या कळपात उंट बसल्यागत. पुढं चार खांब, हत्तीरोग झाल्यागत सुजलेले. वर दोन शिमिटाचे सिंह. एकाला नाक न्हाय, दुसरा नाक असून शरमेनं खाली बघतो. रंग उतू गेलेल्या पिठल्याचा. खोल्या नऊ आणि मोरी एक, ती बी माजघराच्या मधोमध. मी ह्या टोकाला मेले तर त्या टोकाला तिसऱ्या दिवशी कळंल. रावजी म्हणाला, "आई, तू बघ आन् सांग." मी सौदा मोडायचाच म्हणून पदर खोचून गेले.

ओसरीवर शिवपुत्र होता, पंच म्हणून बिरप्पा होता, आणि शिवपुत्राची आई काशम्मा. कानडी बाई, माझ्याच वयाची. (नळावर वीस वर्षं भांडतोय आमी. मी व्हय म्हटलं की ती न्हाय म्हणती.) मी म्हटलं, जिना लई उभा हाय. ती म्हणाली, "उभा? माझी सासू त्याच्यावरनंच गेली की!" मी म्हटलं, भिंतीला ओल हाय. ती म्हणाली, "यव्वा, पावसाळ्यात आळंबी उगवती, भाजी करतो आमी." मी एक खोट काढावी, तिनं दोन. मालकीण आपल्याच मालाला नावं ठेवती, हे मी जन्मात बघितलं न्हवतं. आणि मला उलट बोलायची खोड. ती म्हणाली, खांब पोकळ हाईत. मी खांबावर थापटी मारून वरडले, "पोकळ कसले? चांगले दगडी हाईत! जिन्याला बी काय झालंय? चढणाऱ्याला अक्कल पायजे!"

वरडून तोंड कोरडं पडलं. तेवढ्यात शिवपुत्रानं तबक पुढं केलं आणि मी त्यातली सुपारी तोंडात टाकली. पंचासमोर विकणाऱ्याची सुपारी खाल्ली की सौदा पक्का, हे आपल्या बापानं बैलाच्या बाजारात दहादा शिकवलंय. बिरप्पा म्हणाला, "झालं!" रावजी माझ्या पाया पडला. मी थुंकायला पळाले, तर मधोमध असून मोरी सापडंना.

काशम्मा डोळ्याला पदर लावून बसली. तिला विकायचंच न्हवतं. नवऱ्यानं बांधलेलं घर. तीन गिऱ्हाइकं तिनं अशीच नावं ठेवून पळवली होती. लेकाला कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी लागली, तितल्या एका खोलीत तो हिला नेणार. मला म्हणाली, "तू कशाला चांगलं बोललीस गं?" मी उठून तिला तांब्याभर पाणी दिलं. असं पयल्यांदाच झालं.

तर मामा म्हणून ये आणि सौदा मोड. रावजी तुझ्या शब्दाबाहेर न्हाय. मी त्या घरात पाऊल टाकणार न्हाय.

तुझी बहीण,
बजाबाई

ता. क. मोडू नगंस. रावजी दोन दिवस झोपेत बी हसतोय.

आणखी ता. क. पण ये. रावजीला सांग, घराबरोबर म्हातारी बी घ्यायची. मागच्या खोलीत ऱ्हाईल. शिवपुत्र माझं बोलणं संपायच्या आधीच व्हय म्हणाला. रावजी म्हणतो, परकी बाई कशी ठेवायची? नऊ खोल्या घेणाऱ्यानं हे इचारावं? काशम्मापाशी माझं नाव घेऊ नगंस, तुझ्याच डोक्यातनं निघालं म्हण. मला तिचा पुळका न्हाय.

शेवटचं. काशम्माला अजून इचारलेलं न्हाय. ती न्हाय म्हणंल. मग मी म्हणंन, "नगंच ऱ्हाऊस!" म्हंजे ऱ्हाईल.