देवदाराचं अंथरूण

६ ऑक्टोबर, सोमवार
...आणि कॉफी ठेवून झाली की मी गॅलरीत जाऊन माझ्या नवऱ्याच्या, हार्टमुटच्या कामाच्या पँटचे खिसे उलटे करायचे. देवदाराचा कीस भुरभुर पडायचा. कारखान्यात पेन्सिलींच्या पट्ट्या तासताना तो खिशांत, बाह्यांत, कानांतसुद्धा जायचा. मी रोज ओरडायचे, रोज झाडायचे, मग त्याचा ब्रेड बांधायचे.

आज हे आठवायचं कारण गुद्रुनची लिस्ट. गुद्रुन समोरच्या दारात राहते, तीस वर्षांपासूनची शेजारीण. गुडघा बदलला, म्हणून विमावाल्यांनी तिला तीन आठवडे डोंगरात आरामाला पाठवलंय. तिचा हॅमस्टर, उंदराएवढा जीव, पिंजऱ्यासकट माझ्याकडे. नाव क्लोस, म्हणजे बटाट्याचा उकडलेला गोळा, कारण दिसतो तसाच. सोबत एकोणीस मुद्द्यांची लिस्ट. चौथ्या मुद्द्याखाली दोन रेघा : अंथरूण फक्त कागदी कपट्यांचं, पंचवीस सेंटिमीटर खोल, दुसरं काहीही नको.

गुद्रुन म्हणाली, रोझविटा, तुला सगळ्यातलं जास्त कळतं, ठाऊक आहे मला. या खेपेला नुसतं वाच आणि तसं कर. मी म्हटलं, अगं, अर्धी लायब्ररी वाचून काढलीय मी, एक कागद झेपेल मला.

निश्चय : लिस्ट तंतोतंत पाळणे.

७ ऑक्टोबर
कागद! पेन्सिलींच्या गावात राहायचं आणि बिचाऱ्या जिवाला कागदावर झोपवायचं.

तळघरात किसाची गोणी आहे. निवृत्त होणाऱ्याला कारखाना देतो. इथे घरोघरी लोकरीच्या कपड्यांत तोच ठेवतात, कसर जवळ फिरकत नाही. हार्टमुटची गोणी, तो गेला तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, शिवलेलीच आहे. गरज पडली नाही. दुसरं काही कारण नाही.

८ ऑक्टोबर
गोणी उघडली. निव्वळ क्लोससाठी. तीस सेंटिमीटर भरला, म्हणजे लिस्टपेक्षा पाच जास्तच.

खोलीभर वास. संध्याकाळी दोन तास पिंजऱ्याजवळ बसले. क्लोसला सोबत लागते. तो मात्र किसात शिरला तो बाहेर आलाच नाही.

१० ऑक्टोबर
क्लोस शिंकला. तीनदा.

वाऱ्याची झुळूक, दुसरं काय. आमच्याकडे सगळी दुखणी झुळकीनेच येतात. माझी मावशी झुळकीने एका कानाने बहिरी झाली. चाळीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या उघडून घरात हवा खेळवत आले, अगदी बर्फ पडत असला तरी. आजपासून बंद. जिवापेक्षा सवय मोठी नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
गुद्रुनचा फोन. पोहण्याच्या तलावात तिच्याशेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर असतो, फार बोलतो म्हणाली, पण हसत होती. मग विचारलं, माझा बटाटा कसा आहे? मी म्हटलं, मजेत. अंथरूण? मी म्हटलं, भरपूर खोल. हे खरंच आहे.

१४ ऑक्टोबर
वरच्या मजल्यावरचे एंडरलाइन आजोबा टपाल द्यायला आले. हार्टमुटच्याच खात्यात होते. दारातच नाक वर करून म्हणाले, काय हो बाई, हार्टमुट परत आला की काय? आणि खिडक्या का बंद? त्याला पळू द्यायचं नाही वाटतं? स्वतःच हसले. मीही हसले. दार लावल्यावर तिथेच खुर्चीत बसून राहिले. पाऊण तास असेल.

क्लोसचे डोळे ओले दिसतात. कॅमोमाइलच्या फुलांचा काढा करून ठेवला. शिवला नाही.

१६ ऑक्टोबर
लायब्ररीत गेले. छोट्या पाळीव प्राण्यांचं नवं पुस्तक. पान एकतीस : देवदार आणि पाइनचा कीस मुळीच वापरू नये. ज्या तेलांमुळे वास येतो, तीच त्यांच्या फुप्फुसांना बाधतात.

पुस्तक हॅम्बुर्गला छापलेलं. हॅम्बुर्गच्या लोकांना देवदारातलं काय कळतं? खालच्या फळीवर एक जुनं पुस्तक सापडलं, मुखपृष्ठ फाटलेलं. त्यात लिहिलंय, कोणताही स्वच्छ लाकडी कीस चालेल. तेच घरी आणलं. जुन्या लेखकांना अनुभव असायचा.

निश्चय : उद्या अर्धा कीस बदलून कागद घालणे. दोन्ही पुस्तकांचा मान राहील.

१७ ऑक्टोबर
जमलं नाही. पाय दुखत होते.

१९ ऑक्टोबर, रविवार
फोन. गुद्रुन म्हणाली, आवाज कसला येतोय गं, खर्रखर्र? मी म्हटलं, किटली. किटली गॅसवर नव्हती.

२१ ऑक्टोबर
सूर्यफुलाच्या बिया कालपासून तशाच. एरवी गाल फुगवून कोठार भरणारा प्राणी. पळायच्या चाकाशेजारी नुसता बसून आहे. श्वास घेताना सगळं अंग हलतं.

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. पान एकतीस मला गुरुवारीच पटलं होतं. कीस काढला तर वास जाईल, म्हणून काढला नाही. खिडक्याही त्यासाठीच बंद. तीन वर्षांत पहिल्यांदा घरात कोणीतरी आहे असं वाटत होतं, आणि त्याचं मोल तो एवढासा जीव मोजत होता.

२२ ऑक्टोबर
सकाळी पहिल्या बसने जनावरांच्या डॉक्टरकडे. तरुण बाई आहे. पिंजऱ्यावरचा टॉवेल काढला, वास घेतला आणि विचारलं, तुमच्याकडे कारखान्यात कोण होतं?

मी म्हटलं, नवरा.

किती दिवस आहे हा कीस?

मी म्हटलं, दोन.

ती बेसिनकडे वळली. हात धुतले, पुसले, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चौदा.

म्हणाली, बाई, या गावात हे माझ्याकडे सारखं येतं. मोठी माणसं, चांगली माणसं. घरात चांगलं म्हणजे सगळ्यांना चांगलं, असं धरून चालतात. ती रागावली असती तर बरं झालं असतं. औषधाचे थेंब दिले. म्हणाली, कागद घाला, खिडक्या उघडा. जगेल बहुतेक. फुप्फुसाचं जे बिघडलंय, ते पूर्ण भरून येणार नाही. घरघर राहील.

घरी येऊन पिंजरा रिकामा केला, दोनदा धुतला. सगळ्या खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत वास गेला. मला वाटलं होतं चार दिवस तरी लागतील.

२४ ऑक्टोबर
थेंब सकाळी दोन, संध्याकाळी दोन. क्लोसने एक बी खाल्ली. मी टाळी वाजवली, तर घाबरून कागदात घुसला.

निश्चय : गुद्रुन आली की बॅग खाली ठेवायच्या आत तिला सगळं सांगणे.

२६ ऑक्टोबर, रविवार
फोन. आज सांगितलं नाही. अशा गोष्टी समोरासमोर सांगाव्यात.

२७ ऑक्टोबर, सोमवार
गुद्रुन आली. काठी नाही, गालांवर लाली. बॅग खाली ठेवली. मी काही बोलले नाही. तिने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. पांढरेशुभ्र कपटे, पंचवीस सेंटिमीटर, मी पट्टीने मोजले होते. म्हणाली, शाब्बास गं, मला वाटलं होतं तू तुझंच काहीतरी डोकं चालवशील. मग तिला घरघर ऐकू आली. म्हणाली, अगंबाई, याला सर्दी झाली. माझ्याविना झुरला वाटतं?

मी म्हटलं, हो, झुरला.

तिने मला मिठी मारली आणि मधाच्या केकचा मोठा डबा दिला. म्हणाली, दुसऱ्या कुणाकडे ठेवलाच नसता मी याला. डबा टेबलावर आहे. उघडला नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी साडेनऊला गुद्रुनचं दार वाजवलं आणि सांगितलं, ती सर्दी नाही, ते मी केलं. थेंबांची बाटली तिच्या हातात दिली. तिने दार लावलं नाही, आत ये असंही म्हणाली नाही. मी जिन्यातच उभी राहून आठ तारखेपासूनचं सगळं सांगितलं.