तांब्याचं औषध

वर्धा, मार्गशीर्ष, १९८४

चि. धुरपता,

तुझ्या वेणूच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्या सरळ करणारं तांब्याचं संयुग मी शोधत होतो. दसऱ्याला प्रयोगशाळेत उमगलं, ते पेशी सरळ करतं आणि मग फोडतं. पन्नाशीला आलो, दुसरं शोधायची उमेद उरली नाही.

'तांब्याचं औषध' एवढंच ऐकून तू लेकीला तांब्याच्या गडव्यातलं पाणी पाजतेस. दिवाळीत आंजीला तुझ्या घरी आलो ते खरं सांगायलाच. वेणूनं गडवा पुढे केला.

"मामाजी, तुमचंच औषध हाये. तोंड काऊन वाकडं करता? कडू नाई."

तू हात जोडून उभी होतीस. मी प्यायलो. "रोज घेत जा," म्हणालो.

म्हणून हे पत्र पाठवणार नाही. आता मीही देवापुढे गडवा भरून ठेवतो. मागत काही नाही.

तुझा,
हरबादादा