माझं यीस्ट कुणाचं वाईट करत नाही

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. महिनाअखेर माझं लेक्चर, विषय यीस्टची वसाहत. इतकी वर्षं कॉलेजात शिकवतोय, तरी लोकांना वाटतं यीस्ट म्हणजे पाव फुगवायची पावडर. एकट्या पेशीला कोण विचारतो? पण बशीत वाढू द्या. एकमेकींना चिकटतात, सुरकुत्यांचे ढीग रचतात, पाणी फिरायला वाटा ठेवतात, वर चिकट पांघरूण ओढून घेतात. आतल्या उपाशी राहतात, काही मरतात, त्यांच्या जिवावर कडेच्या वाढतात. कुरकुर नाही. नाहीतर आमचं घर.
बायकोचं आतड्याचं ऑपरेशन काल झालं. स्लाइड्समुळे जाता आलं नाही. उद्या नक्की.

४ मार्च
काल जमलं नाही. आज गेलो. बायकोला तोंडाने पाण्याचे घोट तेवढे चालतात. अन्न गळ्याजवळच्या नळीतून थेट रक्तात सोडतात. मेहुणी तिथेच मुक्कामाला. म्हणाली, भावोजी, आलात एकदाचे. टोमणा कळला. मोठ्या मनाने सोडून दिला.

६ मार्च
औषधांनी बायकोचं पोट बिघडलंय. डॉक्टरांना जे सुचलं नाही ते मला सुचलं. यीस्ट पोटाला चांगलं. लॅबमधली, मी स्वतः वाळवलेली पूड नेली. बायको म्हणाली, अहो, आधी सिस्टरना विचारा. मी शिकवायचं आणि मीच विचारायचं? तिच्या उशाशी पुडी उघडली, पाण्यात कालवून पाजली. थोडी उडाली, सगळ्या हाताला लागली. नळीचं टोपण सैल दिसलं, तेही लगे हात काढून नीट बसवलं. इथल्या लोकांचं लक्षच नसतं.

९ मार्च
रोज नेतोय. हा नियम मात्र पाळला. पडदा ओढून घेतो, सिस्टरशी उगाच वाद नको.

११ मार्च
बायकोला हुडहुडी भरून ताप. हॉस्पिटलची हवाच वाईट.

१२ मार्च, दुपारी
डॉक्टर म्हणाले, रक्तात यीस्ट सापडलंय. नळीत आतून थर धरलाय, त्यात औषध शिरत नाही, नळी काढावी लागेल. म्हटलं, थर कसा धरतो ते मी सांगतो. बराच वेळ बोललो. छान बोललो. ते घड्याळ बघत होते. पण नळी काढली तर ती जगणार कशावर? सही दिली नाही, औषध वाढवा म्हटलं. कुठल्या जातीचं यीस्ट ते कळायचंय. हॉस्पिटलचंच असणार.
पुडी तूर्त बंद. काही संबंध आहे म्हणून नव्हे.

१४ मार्च
औषध वाढवलं. थरातल्या पेशी ढिम्म. हे मी आधीच सांगू शकलो असतो. शेवटी बायकोने स्वतः सही केली. मेहुणीने कागद धरला. नळी काढली. मला कुणी विचारलंही नाही.

१५ मार्च
डॉक्टरांनी विचारलं, हे तर पावाचं यीस्ट, इथे आलं कुठून? मेहुणी माझ्याकडे बघायला लागली. मी वॉर्डातल्या अस्वच्छतेचा विषय काढला. तेवढ्यात बायको म्हणाली, पूड मीच मागवली, हे नकोच म्हणत होते. आवाज नीट फुटत नव्हता. तिने कधीच मागितली नव्हती. डॉक्टर तिच्यावर चिडले, म्हणाले, शिकलेल्या माणसाची बायको ना तुम्ही? मी मान डोलावली.
बाहेर मेहुणीने माझी माफी मागितली, मनात भलतंच आलं होतं म्हणाली. उद्या डॉक्टरांना एकटं गाठून खरं सांगायचं.

१६ मार्च
डॉक्टर राउंडवर. मग जेवायला. मग मला लॅबमध्ये जायचं होतं. बायको डोळे उघडत नाही. उद्या आधी तिच्याशी बोलायचं, मग डॉक्टरांशी.

१७ मार्च
सकाळी गेली. मी पोचेपर्यंत चादर बदलली होती. रडू येत नाही. भीती वाटते.

२० मार्च
घरी माणसं येताहेत. लेक्चर पुढे ढकलल्याचं कॉलेजातून कळवलं, मी विचारलं नव्हतं. मेहुणी रडत रडत प्रत्येकाला सांगते, ताई पहिल्यापासून हट्टी, भावोजी नको नको म्हणत होते, तिने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. लोक चुकचुकतात. एक म्हातारे शेजारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुम्ही तरी काय करणार. मी सांगायला तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी पाणी मागितलं.