आईच्या झोपेची सोय

॥ श्री ॥
कात्रज, पुणे
९ नोव्हेंबर १९८७

ती. वहिनींना श्रीधरचा सा. न. वि. वि.

पुण्यातल्या पुण्यात पत्र पाठवतोय म्हणून हसाल. पण आमच्या फोनला अजून अवकाश आहे. शिवाय दसऱ्याला आईची ट्रंक रिक्षातून उतरवताना आपली जी बोलाचाली झाली, त्यानंतर शनिवारात यायला पाय उचलत नाही. असो.

विषय आईच्या झोपेचा. दसरा ते गुढीपाडवा आमची पाळी, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबांनी जमवलेल्या कीर्तनाच्या कॅसेटी उशाशी लावल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही, आणि त्या लावल्या की सुहासिनीचा लागत नाही. तिला सकाळची पहिली बस धरायची असते. आवाज कमी केला की आई म्हणते, बुवा पुटपुटतायत.

म्हणून मी वॉकमन आणला. तर त्याची डोक्यावरची पट्टी अंबाड्यात रुतते आणि कुशीवर वळलं की कानातली कुडी चकतीखाली टोचते. रात्रीपुरत्या कुड्या काढून ठेव म्हटलं, तर म्हणाली, वैकुंठात नेशील तेव्हा काढून घे. आता बोला! तुम्ही सहा महिने कसं भागवलंत ते कृपा करून कळवा.

दादाला नमस्कार. राग ओसरला असेल तर लोभ करावा, नसेल तर निदान उत्तर पाठवावं.

आपला,
श्रीधर


॥ श्री ॥
शनिवार पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर १९८७

चि. श्रीधरभावजींना मंदाकिनीचे अनेक आशीर्वाद.

उत्तर मी लिहितेय, कारण तुमच्या दादांना घरातल्या कुठल्याही विषयावर मत नसतं. आणि बंद पाकिटातून पाठवतेय, कारण आमच्या पोस्टमनला वाचनाची आवड आहे.

कसं भागवलं म्हणून विचारता? भागवलं नाही, सोसलं. टेपरेकॉर्डर खाटेखाली ठेवायचा आणि वर दोन गोधड्या टाकायच्या. तरी स्वयंपाकघराच्या फळ्यांच्या भिंतीतून अख्खं आख्यान ऐकू यायचं. मी उद्या मांडवात उभी राहिले तर पूर्वरंग सहज करीन, इतका पाठ झालाय. तुम्ही तर कारखान्यात मोठमोठी यंत्रं दुरुस्त करता म्हणे, मग एका म्हातारीच्या कानांची व्यवस्था करायला काय हरकत आहे?

आणखी एक. पाडव्याला आईंना इकडे धाडायची घाई करू नका. धाकट्याची बारावी आहे, ह्यांचं ब्लडप्रेशर आहे, आणि आमच्या खोल्या दोनच्या तीन काही झालेल्या नाहीत. तुमच्याकडे बंगला आहे, बाग आहे, हवा आहे. हे आईंच्या कानावर घालू नका, उगाच मनाला लावून घेतील.

सौ. सुहासिनीला आशीर्वाद. आमची आठवण फक्त अडचणीत येऊ नये, एवढीच इच्छा.

मंदाकिनी


॥ श्री ॥
कात्रज, पुणे
१० फेब्रुवारी १९८८

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

जमलं! तुमचा टोमणा वाया गेला नाही. पट्टी काढूनच टाकली. तिच्या जागी सुहासिनीने जुन्या फ्लॅनेलची मऊ नाडी शिवली, ती अंबाड्याच्या खालून बांधायची. चकत्यांना जाड स्पंज लावला आणि कुडी येते तेवढी जागा ब्लेडने कोरून काढली. कुडी आता कोनाड्यात ठेवल्यासारखी बसते. दोन्ही कान असे झाकले जातात की शेजारी भांडं पडलं तरी पत्ता लागत नाही. दुपारीसुद्धा आई तेच बांधून पडते. आम्ही तिच्या खाटेवर बसून खुशाल गप्पा मारतो. पूर्वी तिच्या खोलीत कोण बसायचं!

आता पाडव्याचं. वहिनी, बारावी दर वर्षी कुणाची ना कुणाची असतेच. ठरलं ते ठरलं. पण सुहासिनीच्या ओळखीतून आळंदी रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमाबद्दल कळलंय, चांगला आहे म्हणतात. तुम्ही दोघं एकवीस तारखेला, रविवारी, जेवायलाच या. जेवण झालं की आई कानाला बांधून पडते. तेव्हा चौघांनी बसून एकदाचा सोक्षमोक्ष लावू. तिच्याच खोलीत बसू, पंखा तिथेच आहे.

कळावे. या विषयात तरी आपलं एकमत व्हावं.

श्रीधर


॥ श्री ॥
शनिवार पेठ, पुणे
२३ फेब्रुवारी १९८८

चि. श्रीधरभावजींना अनेक आशीर्वाद.

रविवारचं जेवण छान झालं. सुहासिनीला म्हणावं, कोशिंबिरीला मीठ बेताचं घालत जा. मन मोकळं झालं हे मात्र खरं. इतकी वर्षं आपण एकमेकांना टोचत होतो ती चूक होती, आपलं दुखणं एकच आहे. आईंच्या देखत अशी चर्चा कधी झाली नसती. तुमच्या यंत्राची कमाल!

माझी जीभ जरा जास्तच सैल सुटली. आमच्या सासूबाईंचा पत्ता यम विसरलाय असं म्हणायला नको होतं, पण तुम्हीही सगळे खो खो हसलात. आणि पाहिलंत का, नेमक्या तेव्हाच आईंच्या ओठांवरही हसू आलं? बुवांनी तिकडे काहीतरी गंमत केली असणार. आपल्याला मेलं उगाच दचकायला झालं.

तर पाडव्यानंतर आश्रम, हे नक्की. थोडे दिवस हवापालट असं तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना संशय येईल.

लोभ होताच, आता वाढावा.

मंदाकिनी


॥ श्री ॥
कसबा पेठ, पुणे
१ मार्च १९८८

चि. माधव, चि. श्रीधर, सौ. मंदाकिनी आणि सौ. सुहासिनी यांना अनेक आशीर्वाद.

शोधाशोध करू नका. मी कुसुमकडे आहे. माझी शाळेतली मैत्रीण, मुलं परगावी, एकटीच असते. काल सकाळी श्रीधर आणि सुहासिनी कामावर गेले आणि मी बसने आले. शेजारी किल्ली ठेवली आहे. हेच पत्र दोन्हीकडे पाठवते आहे, म्हणजे कुणाला आधी कळवलं यावरून भांडण नको.

श्रीधर, वॉकमनचे सेल त्या रविवारच्या आधीच संपले होते. नुसत्या स्पंजातून सगळं ऐकू येतं, हे तुला सांगितलं नाही. कान बांधलेले असले की तुम्ही माझ्याजवळ येऊन बसता, असं माझ्या लक्षात आलं होतं. ते मला हवं होतं. म्हणून मी तशीच डोळे मिटून पडायची.

कीर्तनाची आवड तुमच्या बाबांना. मला त्या बुवांचा पहिल्यापासून कंटाळा. पण शनिवारात फळ्यांच्या भिंतीतून मंदाकिनीचं बोलणं यायचं, कात्रजला तुमच्या खोलीतून सुहासिनीचं यायचं, आणि दोन्हीकडे विषय मीच. त्याच्यावर आवाज चढेल असं काहीतरी उशाशी लागायचं. तुम्ही बिचारे माझ्या ऐकण्याची सोय करत बसलात. मला ऐकायचंच नव्हतं रे.

मंदाकिनी, यमाचा विनोद चांगला होता. मला खरंच हसू आलं, बुवांचा त्यात काही हात नाही. सुहासिनी म्हणाली, सहा महिने म्हणजे जन्मठेप वाटते. मीही सासूजवळ दिवस काढले आहेत, तिला तसं का वाटतं ते मला कळतं. श्रीधरने आश्रमाचं सगळं नीट सांगितलं, तो लहानपणापासून व्यवस्थित. तुम्हा तिघांवर माझा राग आहे, तो जाईल तेव्हा जाईल.

पण माधव, तू गप्प होतास. तू फार बोलत नाहीस, आईला ते माहीत असतं. मी मनात म्हटलं, हा थोरला आहे, हा एक शब्द बोलेल. आई कुठे जाणार नाही, एवढंच म्हणाला असतास तर मी डोळे उघडून उठून बसले असते आणि सगळ्यांना क्षमा केली असती. बराच वेळ वाट पाहिली. शेवटी तुझा आवाज आला. तू म्हणालास, कुणीतरी चहा टाका.

मला न्यायला येऊ नका. इथे मला काही न लावता झोप लागते.

आई