बॅटरीचा लाल दिवा

प्रिय छकुले,

फोनवरच बोललो असतो, पण तुझी आई शेजारीच बसलेली असते आणि तिचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

आधी गाडीचं सांगतो. आईला डायलिसिसला नेताना वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला. पुलावर चढेपर्यंत गाडी आचके देत बंद पडली. मागून हॉर्न, शेजारी तुझी आई आणि मला दरदरून घाम. ओढून गाडी घरी आणली, पण त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं. मेकॅनिक म्हणाला, अल्टरनेटर गेलाय. चालत्या गाडीत बॅटरी भरायचं काम तो करतो. पण गॅरेजात रांग आहे, थांबावं लागेल. टॅक्सी बोलावली, तर आई म्हणाली, परक्याच्या गाडीत मला मळमळतं. टॅक्सी तशीच परत गेली. इकडे तिच्या पायांवर सूज चढत होती. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मग मीच दुसरा अल्टरनेटर आणला आणि दारातच बोनेट उघडलं.

आधी बॅटरीची वायर काढली, नाहीतर ठिणगी उडते. इंजिनाचा पट्टा कुठून कसा फिरतो ते विसरायला नको म्हणून खडूने भिंतीवर काढून ठेवलं. आई म्हणाली, वा, म्हातारपणी चित्रकार झालात! खुर्ची टाकून टॉर्च धरायला तीच बसली होती. उजेड इंजिनावर कमी आणि माझ्या तोंडावर जास्त. म्हटलं, अगं, नट माझ्या नाकात नाहीये. हसली. खूप दिवसांनी हसली, बरं का. खालचा बोल्ट मात्र हलेना. पाना सटकला, बोटाचं साल निघालं. तर म्हणते कशी, राहू द्या ना हो, तिलाही थकू द्या की कधीतरी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पान्यावर सगळं वजन टाकलं.

नवा बसला. पट्टा ताणला, वायर जोडली, चावी फिरवली. लाल दिवा विझला. व्होल्ट मोजायच्या मीटरनेही बरोबर आकडा दाखवला, पण माझा जीव थाऱ्यावर कुठे? पुन्हा पुलावर बंद पडली तर? मला गाडीचं काम शिकवणाऱ्या उस्तादांची जुनी रीत आठवली: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उपसायची, गाडी चालत राहिली तर काम पक्कं. वायरीला हात घातला, तशी आई ओरडली. मशीनवर माझं रक्त फिरत असताना नळी ओढून बघाल का हो, मशीन चालतंय का म्हणून? मी हात मागे घेतला. नंतर मेकॅनिकला विचारलं, तर तोही कपाळावर हात मारून म्हणाला, काका, आताच्या गाडीत ती रीत चालत नाही, नवा अल्टरनेटर त्याच क्षणी जळला असता!

तर गाडी झाली. काल सकाळी दाराशी आणून उभी केली, तिच्या पाठीला उशी ठेवली, दार उघडलं. तिने चपला घातल्या नाहीत. म्हणाली, मला आता जायचं नाही, आणि गाडीचा काही दोष नव्हता हो. अगदी शांतपणे म्हणाली. मी म्हटलं, पट्टा जरा सैल वाटतोय, बघून येतो.

छकुले, तिला समजावून गाडीत बसव, असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. तिची समजूत पटेल की नाही, मला ठाऊक नाही. तिला काहीतरी सांगायचंय. तिने तोंड उघडलं की मी बोनेट उघडतो. इंजिनात आता घट्ट करायला काही उरलेलं नाही, आणि ऐकायची माझी छाती नाही. तू ये. तिच्याजवळ बस आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐक. मी दाराशी उभा राहीन. पण लवकर ये, सूज आता गुडघ्यापर्यंत आली आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेले, तुझेच
बाबा