काकूच्या हसण्याचा तुकडा

इंदोरा, नागपूर
१८ जानेवारी १९७६

चि. गोविंदास,
इंदूकाकूचा जयभीम व अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. पुण्याला येणाऱ्या ताराचंदच्या हाती संत्री पाठवली आहेत. अर्धी त्यानेच वाटेत संपवली असतील तर कळव.

तुझा सिनेमा परवा इथल्या फिल्म सोसायटीने दाखवला. तुझ्या काकांचे मिलमधले सगळे सोबती आले होते. सिनेमात मागावर फिरणारे तुझ्या काकांचे हात पाहून मला भरून आले. मग त्यांची अंत्ययात्रा दारातून निघाली आणि लगेच पडद्यावर माझा चेहरा आला. मी हसत होते. मागे कुणीतरी च्यक् केले.

रुपराव तेव्हा नोकरीवर भिलाईला होता, माती झाल्यावर पोचला. बापाचा तो दिवस त्याने पहिल्यांदा तुझ्या सिनेमात पाहिला. घरी येऊन एवढेच विचारले, की बाबाले नेऊन राहिले होते तं तू काहून हसत होतीस. आता तो हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी करून येतो, ताट स्वतः वाढून घेतो आणि माझ्याशी बोलत नाही.

गोविंदा, त्या दिवसाचे मला काहीच आठवत नाही. सिनेमा तर खोटे दाखवत नाही. मी खरेच हसले का रे? छत्तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या मातीला हसणारी बाई मी असेन, तर मला माझीच लाज वाटते. तू तिथे होतास. जे असेल ते लिही.

तब्येतीला जप. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
इंदूकाकू


पुणे
२४ जानेवारी १९७६

ती. इंदूकाकूस,
गोविंदाचा सविनय जयभीम. वि. वि. तुझे पत्र चार वेळा वाचले.

तू हसली नव्हतीस. त्या दिवशी तू भिंतीला टेकून बसली होतीस, कुणी दिलेले पाणीही घेत नव्हतीस. ते हसू अठरा दिवस आधीचे, बुद्धपौर्णिमेचे आहे. दोन्ही तुकडे मी एकामागे एक जोडले.

इथे सिनेमाच्या शाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात, की एकच चेहरा जेवणाच्या ताटानंतर दाखवला तर भुकेला वाटतो, प्रेतानंतर दाखवला तर दुःखी. चेहरा तोच, अर्थ पाहणारा लावतो. मला उलटे करून पाहायचे होते, दुःखाच्या जागी हसू ठेवले तर लोक दचकतात का. दचकले. सरांनी शाबासकी दिली. ती घेताना पडद्यावरची बाई माझी काकू आहे हे मी विसरलो होतो. खरे तर आठवत होते, तरी घेतली.

आणखी एक. काकांना खांदा द्यायला शेजारच्या नत्थूजींनी मला हाक मारली होती. माझ्या खांद्यावर कॅमेरा होता. मी गेलो नाही.

त्या हसण्याचा पुढचा, मी कापलेला फिल्मचा तुकडा सोबत पाठवतो आहे. उजेडात धरून भिंगातून बघ. हसत हसत तू खिरीचा चमचा माझ्या तोंडाकडे आणते आहेस. तो कॅमेऱ्याच्या काचेला लागला म्हणून मी तुझ्यावर ओरडलो, काच पुसत बसलो, खीर खाल्लीच नाही. तू माझ्याकडे पाहून हसत होतीस, काकू. रुपरावदादालाही हेच लिहिले आहे. सिनेमातला तो जोड मी काढतो आहे.

तुझा लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा,
गोविंदा


इंदोरा, नागपूर
३ फेब्रुवारी १९७६

चि. गोविंदास,
जयभीम व आशीर्वाद. तुकडा पोचला. रुपरावने तो उन्हात धरला आणि भिंगातून एकेक चित्र पाहत गेला. चमच्याच्या चित्रावर थांबला. मग म्हणाला, की मीच मातीले पोचलो नाही, त्याचा राग तुह्यावर काढून राहिलो होतो. संध्याकाळी त्याने ताट माझ्यापुढे केले. मी वाढले.

तू खीर खाल्ली नाहीस हे मला तेव्हाच माहीत होते. तुझी वाटी तुझ्या काकांनी मागून घेतली, डॉक्टरने गोड बंद केले असताना, आणि बोटाने पुसून खाल्ली. त्यांची ती शेवटची खीर. तेव्हा तिच्यासाठी झुरू नकोस. खांद्याचे मात्र मी काही बोलणार नाही. ते तुझे तुलाच वागवायचे आहे.

यंदाच्या पौर्णिमेला ये. ते कॅमेऱ्याचे मशीन पुण्यालाच ठेव.
तुझी वाटी राखून ठेवणारी,
इंदूकाकू